गेम टाकून घेणे : कॅसेटपासून मोबाइलपर्यंत



स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने एकच अट घातली : ‘तुझ्या संगणकातलंच लिही, पण आम्हाला कळेल असं लिही.’ विचार करताना लक्षात आले, की आपल्यापैकी बहुतेकांची संगणकाशी पहिली ओळख अभ्यासातून झालीच नाही. ती झाली गेममधून. आणि ते गेम जवळपास सगळे नकली होते. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात हे प्रकरण कधी येणार नाही, म्हणून इथे मांडते.

आधी आपलाच एक शब्दप्रयोग आठवा. ‘गेम विकत घेतला’ असे आपण म्हणत नव्हतो. ‘गेम टाकून घेतला’ म्हणायचो. कुणाकडून टाकून घेतला हे सांगता यायचे, पण तो मुळात कुणाचा, हा प्रश्न त्या शब्दांत बसतच नव्हता. व्हिडिओ गेमची चोरी आणि ती थांबवण्यासाठी कंपन्यांनी लावलेली कुलुपे यांचा इतिहास चाळीस वर्षांहून मोठा आहे. त्यातला आपल्या वाट्याचा भाग या एका शब्दप्रयोगात आहे.

काळ्या ठिपक्याची कॅसेट

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या उस्मानाबादेत (धाराशिव हे नाव सरकारी कागदावर यायला २०२३ उजाडावे लागले) टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम मोजक्या घरांत होता. कुणाचे काका मुंबईहून आणायचे, कुणी सोलापूरहून. ज्या घरात तो असे, तिथे रविवारी चपलांचा ढीग पडे. कॉन्ट्राचा शेवटचा टप्पा आला, की नेमके लाईट जायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आपण जिला कॅसेट म्हणायचो, तिच्यात टेपसारखे फिरणारे काही नव्हते. उघडून पाहिलेल्यांना आठवेल : आत एक छोटीशी हिरवी पट्टी, आणि तिच्यावर डांबराच्या थेंबासारखा काळा ठिपका. त्या ठिपक्याखाली चिप असायची. तिच्यावर ना कंपनीचे नाव, ना नंबर.

या यंत्रांचे मूळ जपानमध्ये होते. क्योतोच्या निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिकॉम’ नावाचे यंत्र बाजारात आणले. त्याच्या साठ पिनांच्या खाचेत कुणीही बनवलेली कॅसेट बसत होती आणि चालत होती. दोन वर्षांनी तेच यंत्र अमेरिकेत नेताना कंपनीने त्यात कुलूप घातले. एक चिप यंत्रात, तिची जोडीदार कॅसेटमध्ये. दोघी सतत एकमेकींना ठरलेल्या खुणा पाठवत राहायच्या. खूण जुळली नाही, की यंत्र पुन्हा पुन्हा बंद-चालू व्हायचे आणि खेळ सुरूच व्हायचा नाही.

तैवान, हाँगकाँग आणि पुढे चीनमध्ये ज्या नकला निघाल्या, त्या प्रामुख्याने कुलूप नसलेल्या जपानी यंत्राच्या. निन्टेन्डोचे अधिकृत यंत्र भारतात ‘सामुराई’ या नावाने विकले गेले, पण आयात करामुळे ते सामान्य घराच्या आवाक्याबाहेरच राहिले. आपल्यापर्यंत पोचली ती मीडिया, लिटल मास्टर अशा नावांची नकलायंत्रे. रशियात हेच यंत्र १९९२ पासून ‘डेंडी’ नावाने घराघरांत गेले. म्हणजे मॉस्कोतली आणि उस्मानाबादेतली मुले एकाच वेळी एकाच नकलेवर खेळत होती.

आज आकडे पाहिले की गंमत वाटते. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा सगळाच्या सगळा गेम अवघा ४० किलोबाइटचा आहे. आपल्या बॅचच्या ग्रुपवर रोज येणाऱ्या सुप्रभाताच्या एका चित्राला बहुधा याहून जास्त जागा लागते. इतकी छोटी गोष्ट चिपवर उतरवून घेणे कारखान्याला काहीच जड नव्हते. म्हणून तर ‘९९९९९९९ इन १’ असे लिहिलेल्या कॅसेटी निघाल्या. त्यात खरे गेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, तेच वेगवेगळ्या टप्प्यांपासून सुरू करून पुन्हा पुन्हा मोजलेले. अनेक नकलांत सुरुवातीच्या पडद्यावरची कंपनीच्या नावाची ओळही खोडलेली असायची. मारिओ शिगेरु मियामोतो नावाच्या माणसाच्या कल्पनेतून आला, हे आपल्याला कळायला काहीच मार्ग नव्हता.

राजपुत्र आणि बाटल्यांची खोली

पुढचा टप्पा फ्लॉपीचा. अकरावी-बारावीत किंवा कॉलेजात पहिल्यांदा संगणकासमोर बसलेल्या अनेकांना ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ आठवत असेल. काळ्या पडद्यावर ‘प्रिन्स मेगाहिट’ असे इंग्रजीत टाइप केले, की थेट पुढच्या टप्प्यात उडी मारता यायची. ही युक्ती कुणी कुणाला सांगितली याचा पत्ता लागत नाही, पण ती सगळ्यांना माहीत होती.

हा गेम जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने जवळपास चार वर्षे खपून केला. त्याने आपल्या धाकट्या भावाला पळायला, उडी मारायला, लोंबकळायला लावले, त्याचे चित्रण केले आणि एकेका चित्रावरून राजपुत्राची हालचाल रेखाटली. म्हणून तो राजपुत्र इतका खऱ्या माणसासारखा धावायचा. १९८९ मध्ये गेम बाजारात आला.

आता पहिल्या टप्प्यानंतरची ती खोली आठवा. जमिनीवर ओळीने बाटल्या, प्रत्येकीवर एक इंग्रजी अक्षर. खाली सूचना यायची : अमुक पानावरच्या, अमुक ओळीतल्या, अमुक शब्दाचे पहिले अक्षर असलेली बाटली प्या. चुकीची प्यायली, की राजपुत्राचा जीव कमी व्हायचा. पुष्कळांना तो खेळातलाच एक जादूचा डाव वाटायचा. ते प्रत्यक्षात कुलूप होते. ‘अमुक पान’ म्हणजे मूळ गेमच्या खोक्यात येणारी माहितीपुस्तिका. ज्याने गेम विकत घेतला त्याच्याकडे पुस्तिका, म्हणून त्याला अक्षर माहीत. फ्लॉपीवर नक्कल करणाऱ्याला पुस्तिका कुठून मिळणार?

कंपनीचा हिशेब बरोबर होता, पण अपुरा. पुस्तिकेची झेरॉक्स निघते. अक्षरांची यादी वहीत उतरवता येते. आणि जाणकाराने प्रोग्रॅममधली तपासणीच काढून टाकली, की कोणतीही बाटली चालते. एकाने कुलूप फोडले, की त्याच्या पुढच्या हजार जणांना कुलूप होते हेही कळत नाही. नकलेच्या इतिहासातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. कुलूप फोडायला एकच हुशार माणूस पुरतो, आणि त्याची हुशारी फुकट वाटली जाते.

याच काळात काही गेमकारांनी उलटी वाट धरली. १९९३ च्या डिसेंबरात आलेल्या ‘डूम’चा पहिला भाग कंपनीने स्वतःहून फुकट सोडला : हवा तितक्या जणांना द्या, आवडला तर पुढचे भाग विकत घ्या. फ्लॉपी घेऊन हिंडणारी मुले त्यांनी फुकटचे विक्रेते करून टाकली. आपल्या हातात पडलेल्या नकलांपैकी काही अशा रीतसर वाटायच्याच होत्या. पण आपल्याकडे दोन्ही एकाच पिशवीतून यायचे, त्यामुळे फरक कळत नसे.

कायदा कागदावर, सीडी हातात

कायदा नव्हता असे नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्रॅमचा समावेश झाला. १९९४ ची कडक दुरुस्ती १० मे १९९५ पासून लागू झाली. आपण दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होतो तेव्हा. तिच्यातले कलम ६३ ब सांगते, की प्रोग्रॅमची प्रत बेकायदा आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरली, तर किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. नफ्यासाठी किंवा धंद्यात वापर नसेल, तर न्यायालय कैद टाळू शकते. ‘माहीत असून’ हे शब्द लक्षात घ्या. काळ्या ठिपक्याच्या कॅसेटीवर खेळणाऱ्या सहावीतल्या मुलाला काय माहीत असणार?

१९८८ मध्ये स्थापन झालेल्या नॅसकॉम या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनेने नव्वदच्या दशकात, देवांग मेहता यांच्या काळात, नकलेविरुद्ध मोहीम काढली. छापे पडू लागले, पण त्यांचा रोख मुख्यतः कार्यालयांत वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरवर होता. गेमच्या सीडी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून निघून एसटीच्या पार्सलातून जिल्ह्याजिल्ह्यांत पोचतच राहिल्या. २००९ मध्ये महाराष्ट्राने झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले आणि अमली पदार्थांचे गुन्हेगार यांच्यासाठीच्या १९८१ च्या स्थानबद्धता कायद्यात ‘व्हिडिओ पायरेट’ हा शब्द घातला. तोही प्रामुख्याने सिनेमा आणि गाण्यांच्या नकलांसाठी.

आपल्या भागात संगणक खऱ्या अर्थाने पसरला तो २००१ नंतर, एमकेसीएल आणि एमएस-सीआयटीच्या लाटेत. तालुक्याच्या ठिकाणीही संगणक केंद्रे आणि सायबर कॅफे निघाले. सकाळी वर्ड आणि एक्सेल, संध्याकाळी रोड रॅश आणि व्हाइस सिटी. ‘सीडी राईट करून मिळेल’ ही पाटी झेरॉक्सच्या पाटीशेजारी लागली. झेरॉक्सवाल्याकडे गाईडची पाने काढणे आणि सीडी राईट करून घेणे यांत कुणाला फरक वाटत नव्हता. एक गोष्ट मात्र खरी, आणि ती मान्य करायला हवी : याच सीडींमुळे आपल्या भागातल्या कितीतरी मुलांचा माऊसवर हात बसला. गेम चालेना म्हणून ड्रायव्हर शोधणारा, मेमरी कमी पडते म्हणून संगणक उघडणारा मुलगा पुढे हार्डवेअरचे दुकान टाकून बसला, हेही आपण पाहिले आहे.

कुलूप मालकालाच अडवते तेव्हा

कंपन्या गप्प बसल्या नव्हत्या. सीडीवर मुद्दाम अशा खुणा ठेवल्या जात, की साध्या राईटरला त्या उतरवता येऊ नयेत. ‘सेफडिस्क’ हे असेच एक गाजलेले कुलूप. ते संगणकाच्या अगदी आतल्या थरात आपला एक प्रोग्रॅम बसवायचे. पुढे त्यात सुरक्षेचा धोका आढळला, आणि २०१५ च्या विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याला थारा दिला नाही. परिणाम असा, की पैसे मोजून घेतलेली मूळ सीडी नव्या संगणकावर चालेना, आणि कुलूप फोडलेली नक्कल मात्र चालत राहिली.

निन्टेन्डोच्या अमेरिकन यंत्रातही हेच झाले होते. पिनांचा संपर्क जरा सैल झाला, की दोन चिपांचे बोलणे तुटायचे आणि मूळ कॅसेटही लुकलुकत बसायची. २००८ मध्ये तर कमाल झाली. ‘रेनबो सिक्स व्हेगास २’ या गेमच्या अधिकृत दुरुस्तीत युबीसॉफ्ट कंपनीने चोरांच्या टोळीने बनवलेली, सीडीशिवाय गेम चालवणारी फाइलच ग्राहकांना दिली. कुलूप लावणाऱ्यानेच शेवटी चोराची किल्ली वापरली.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती छोट्या माणसाची आहे. २०१३ मध्ये ग्रीनहार्ट गेम्स या दोन भावांच्या कंपनीने ‘गेम डेव्ह टायकून’ हा गेम काढला. खेळणाऱ्याने स्वतःची गेम कंपनी चालवायची, असा तो खेळ. त्यांनी मूळ गेमबरोबर मुद्दाम एक ‘फोडलेली’ प्रत स्वतःच सोडून दिली. त्या प्रतीत खेळणाऱ्याची कंपनी काही काळाने बुडायची, कारण गेममधले लोक तिचे गेम चोरून खेळायचे. पहिल्या दिवशी २१४ जणांनी गेम विकत घेतला आणि ३१०४ जणांनी चोरीची प्रत घेतली. त्यांतले काही जण तक्रार करू लागले, की चोरीमुळे आमची कंपनी बुडते आहे, यावर उपाय काय? मोठ्या कंपनीला नक्कल परवडते, हे आपण सहज म्हणून जातो. दोघांच्या कंपनीला २१४ गिऱ्हाइकांवर महिना काढायचा असतो. मी स्वतः सॉफ्टवेअरच्या पगारावर घर चालवते, म्हणून हे आकडे मला नुसते आकडे वाटत नाहीत.

दर उतरले, सोय झाली

मग चोरी कमी कशाने झाली? उत्तर आपल्याकडे आधीच सापडले होते, तेही सिनेमाच्या बाजारात. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने सिनेमाची अधिकृत व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. नकली सीडीच्या भावात असली मिळू लागली, की नकलीचे आकर्षण आपोआप उतरते.

गेमच्या बाबतीत तेच पुढे झाले. २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टीम’ या ऑनलाइन दुकानाने नोव्हेंबर २०१५ पासून रुपयांत किमती लावल्या. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, आणि ज्या गावात गेमची सीडी पोचायला आठवडे लागत, तिथे गेम घरबसल्या उतरू लागला. त्यानंतर पबजीसारखे गेम तर फुकटच आले. पैसे फक्त पोशाख आणि सजावटीचे.

इथे कुलुपाचे रूपही बदलले. आता अर्धा गेम तुमच्या फोनमध्ये आणि अर्धा कंपनीच्या सर्व्हरवर असतो. नक्कल करायची तरी कशाची? पण याची किंमत आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजीवर बंदी आली आणि खेळणाऱ्यांच्या हातात काहीच उरले नाही. युबीसॉफ्टने ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले, तेव्हा पैसे देऊन घेतलेला गेमही कायमचा संपला. आणि ज्या जुन्या गेमची दुकाने बंद झाली त्यांचे काय? अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम इतिहासाच्या एका संस्थेने २०२३ मध्ये दाखवून दिले, की तिथे २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकत मिळतच नाहीत. कुणाच्या माळ्यावर ती काळ्या ठिपक्याची कॅसेट असेल, तर ती कदाचित आजही सुरू होईल. नक्कल ही चोरी होती आणि काही वेळा जतनही झाली. दोन्ही खरे आहे.

नाव विचारायचे राहून गेले

आता आपल्या घराजवळची गोष्ट. २००८ मध्ये युबीसॉफ्टने पुण्यातला गेमलॉफ्टचा स्टुडिओ घेतला. सप्टेंबर २०२० मध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : सँड्स ऑफ टाइम’ या २००३ च्या गेमची नवी आवृत्ती जाहीर झाली, आणि ते काम पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होते. फ्लॉपीतून आलेला राजपुत्र असा तीस वर्षांनी महाराष्ट्रातल्या अभियंत्यांच्या हातात आला. मे २०२२ मध्ये ते काम कॅनडातल्या माँट्रियलकडे गेले, तरी मधली पावती कुणी पुसू शकत नाही.

त्याच २०२० मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीचा ‘राजी’ हा गेम जगभर विकला गेला. भावाच्या शोधात असुरांशी लढणारी मुलगी, दुर्गेचा वरदहस्त, किल्ले-महाल आपल्या मातीतले. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणीतून पैसे उभारायचा प्रयत्न केला तेव्हा ठरवलेली रक्कम जमली नव्हती. तरी त्यांनी गेम पूर्ण केला. तुळजापूरच्या जिल्ह्यातल्या मुलांना दुर्गेची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. पण हा गेम पुण्यात बनला, हे आपल्या घरातल्या किती मुलांना माहीत आहे?

माझ्या मते कुलुपांच्या या सगळ्या इतिहासातून हाती लागते ते एवढेच : कुलपाने चोर फार काळ अडत नाही, रास्त दराने आणि सोयीने तो ग्राहक होतो. पण बनवणाऱ्याचे नाव विचारायची सवय यांपैकी कशानेच लागत नाही. ती लावावी लागते. आपल्या सर-बाईंनी कविता शिकवताना आधी फळ्यावर कवीचे नाव लिहिले, तशी.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. आपल्या बॅचतर्फे शाळेच्या संगणक खोलीसाठी काही द्यायचे ठरत आहे. संगणक देताना त्यात कुणाकडून ‘टाकून घेतलेले’ काही नको. मोफत आणि रीतसर मिळणारे सॉफ्टवेअर आता भरपूर आहे. त्यात ‘स्क्रॅच’ जरूर असावे. अमेरिकेतल्या एमआयटीने २००७ मध्ये लहान मुलांसाठी ते खुले केले, आणि त्यात मुले ठोकळे जोडून स्वतःचा गेम बनवतात. तिथे दुसऱ्याचा गेम घेऊन बदलायला पूर्ण मोकळीक आहे, फक्त मूळ गेम कुणाचा ते नाव नव्या गेमवर आपोआप लागते. सहावीतल्या एखाद्या मुलीचा गेम तिच्या मैत्रिणीने बदलून घेतला आणि त्यावर पहिलीचे नाव झळकले, तर जे आपल्या वेळी राहून गेले ते तिला पहिल्याच दिवशी मिळेल.